पस्तिसावा ठोका

कुठलंही काम संपलं की तो दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचा आणि म्हणायचा, "अंते!" तेलुगूत अंते म्हणजे एवढंच, झालं. कारखान्यातली पाळी संपली, अंते. चहा संपला, अंते. बँडमधला एखादा सोडून गेला तरी अंतेच. फक्त तेव्हा हात जरा हळू झटकायचा.

सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात मी जॉबर होतो. माग बिघडला की तो पुन्हा चालता करायचा, हे माझं काम. मूळचा मी मैंदर्गीचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. तो आमच्याकडे विणकर होता, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. दोन माग सांभाळायचा आणि मला अण्णा म्हणायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा अधिकार मला राहिला आहे असं वाटत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

त्याच्या दोन मागांपैकी भिंतीकडच्या मागाच्या चाकाचा दात झिजला होता. दर पाचव्या फेरीला तो माग ‘खाड’ असा जादा आवाज करायचा. दाराकडचा माग तसाच, पण दर सातव्या फेरीला. कापडात खोट येत नव्हती, पण जॉबरच्या कानाला असला आवाज खुपतो. मी एके सकाळी पाना घेऊन गेलो, तर हा मागापुढे आडवा उभा राहिला.

"अण्णा, हात लावू नका."

"का रे? खडखडतंय की."

"खडखडू द्या की. एक पाचावर येतो, एक सातावर. पस्तिसाव्याला दोगं बरोबर येतात. ऐका तुमी."

मी ऐकलं. कधी हा पुढे, कधी तो. नुसता गोंधळ. आणि मग एकदम दोन्ही आवाज एकाच क्षणी, एकच मोठा ठोका. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माग त्यानेच जन्माला घातले होते. "अंते!" म्हणाला.

मी पाना खिशात घातला. पुढे मालकाने दोनदा विचारलं, तरी ते दोन माग मी दुरुस्त केले नाहीत. नोकरीत मी केलेली एवढी एकच लबाडी मला गोड वाटते.

तो ड्रम वाजवायचा. कारखान्याच्या मागच्या खोलीत, पूर्वी जिथे सुताच्या पेट्या असायच्या, तिथे मालकाने त्याला सुट्टीच्या दिवशी वाजवायला परवानगी दिली होती. पहिल्यांदा मी विचारलं, "हे कसलं संगीत?"

"डेथ मेटल, अण्णा. प्रोग्रेसिव्ह."

"डेथ म्हणजे मरण की रे."

"नावात हाय. वाजवणारी समदी जित्ती हायत."

"आणि ते दुसरं काय?"

"म्हणजे मापं बदलत जातात. सरळ चालत न्हाय."

बँडचं नाव त्याने ‘धोटा’ ठेवलं होतं. मागात इकडून तिकडे पळणारा, आडवं सूत नेणारा तो धोटा. मागांच्या आवाजात वाढलेल्या आमच्या वस्तीला आवाजाची तक्रार करायची सवयच नव्हती. तक्रार झाली ती गाणाऱ्याची. पहिला गाणारा कापडाच्या दुकानात सेल्समन होता. आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि सुट्टीला इथे येऊन तो सगळा गोडवा घशातून खरवडून बाहेर टाकायचा. समोरची म्हातारी एकदा लिंबू-मिरची घेऊन थेट खोलीत शिरली.

"कुणाला लागलंय?"

"कुणाला न्हाय, आज्जी. गाणं हाय."

"गाणं हाय तर मग वरडतंय कशाला?"

"चालच तशी हाय."

म्हातारीने तरीही गाणाऱ्यावरून लिंबू उतरवलं. त्याने मान खाली घालून उतरवून घेतलं, आणि ती गेल्यावर दुप्पट जोराने सुरुवात केली.

तुम्हीही अशी मंडळं, अशा नाटक कंपन्या पाहिल्या असतील. चार जण जमतात, वर्षभरात दोन जातात आणि मग उरलेले दोघे एकमेकांना दोष देतात. ‘धोटा’तूनही माणसं जात राहिली. बास गिटार वाजवणारा होटगीला रेल्वेत लागला. दुसऱ्या एकाच्या सासऱ्याने लग्नाआधी केस कापायची अट घातली. त्याने कापले, आणि आरशात पाहून म्हणाला की आता मन लागत नाही. सेल्समनचा घसा कायमचा बसला. वीस वर्षांत सतरा माणसं आली-गेली. जागचा हलला नाही तो फक्त हा.

पण त्याची एक रीत होती, आणि ती त्याने मागावरून घेतली होती. मागावरचं उभं सूत संपत आलं की आम्ही ते कापून टाकत नाही. नव्या सुताचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडतो आणि हळूच ओढून घेतो. जुनं सूत नव्याला आपल्या वाटेने आत घेऊन येतं. गाठ न मारता जुनं काढलं, तर हजारो धागे पुन्हा एकेक करून ओवायला लागतात.

बँड सोडणाऱ्याला तो अडवायचा नाही. "जा की. पन गाठ मारून जा." म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि सगळी गाणी आळीपाळीने वाजवायची. आणि पारख माझ्याकडे. गाठी मारल्यावर जॉबर डोळे मिटून सुतावरून बोट फिरवतो, तसं मला तो भिंतीकडे तोंड करून बसवायचा. मग मध्येच विचारायचा, "अण्णा, आता कोन वाजवतंय?" मी चुकलो की गाठ बसली. मग तो जाणाऱ्याच्या नावापासून येणाऱ्याच्या नावापर्यंत भिंतीवर खडूने रेघ ओढायचा आणि मध्ये छोटी गाठ काढायचा. ती भिंत वंशावळीसारखी भरत गेली होती.

त्या भिंतीवर एक नाव महेश आहे. महेश माझा मुलगा.

तो डबा द्यायला म्हणून कारखान्यात यायचा आणि मागच्या खोलीतच राहायचा. कॉलेजात गेल्यावर गिटार घेऊन बँडमध्ये शिरला. त्या दोन मागांवरून दोघांनी मिळून एक लांबलचक गाणं बांधलं. ‘पस्तीस’ म्हणायचे त्याला. ड्रमचं त्याचं, गिटारचं सगळं महेशचं. कागदावर काही नव्हतं. मला त्या संगीतात काही कळत नाही, पण पाच आणि सात भेटायची वेळ आली की हातातलं काम थांबायचं माझं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग महेशला पुण्यात नोकरी लागली. त्याच आठवड्यात गाण्यातल्या कुठल्यातरी मापावरून दोघांचं वाजलं आणि अबोला झाला. तसा त्यांचा अबोला वर्षातून चारदा व्हायचा. नवा गिटारवाला ड्रमवाल्याने आधीच शोधून ठेवला होता. शुक्रवारी तो माझ्याकडे आला. चेहरा तिरका, स्वाभिमानाने फुगलेला.

"अण्णा, तुमच्या पोराला सांगा. नोकरीला जा म्हनावं, कोन अडवतंय? फकस्त रविवारी येऊन गाठ मारून जा. ‘पस्तीस’ दुसऱ्या कुनाला येत न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. घरी जाऊन महेशला म्हणालो, "त्याने दुसरा घेतलाय. तू येऊ नकोस म्हणाला."

महेश ताटावरून उठला. "असं म्हणाला?"

"साकु आता," मी म्हणालो. साकु म्हणजे पुरे. "त्या खोलीत तुझं काय ठेवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात त्याला सांगितलं, "महेश म्हणतो, मला आता त्यात ओढू नका."

का केलं असं? त्या वर्षी आमच्या गल्लीतले तीन कारखाने बंद पडले होते. माझ्या आधीच्या कारखान्याला कुलूप लागताना मी फाटकाबाहेर उभा होतो, आणि मुलाने मागाच्या आसपासही राहू नये असं मला वाटायचं. हे खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. ते गाणं एकदा मनासारखं वाजलं, तर महेश पुण्याला जाणार नाही अशी मला भीती होती. मला स्वतःला ते गाणं सोडवत नव्हतं, म्हणूनच त्याची ताकद मला ठाऊक होती.

शनिवारी दुपारच्या गाडीने महेश गेला. आईने बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्याने पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली होती.

महेश येणार नाही हे ऐकूनही रविवारी तो खोलीत आला. दोन पेट्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर नवा मुलगा बसवला, दुसरी रिकामी. तिच्याशेजारी महेशच्या गिटारची वायर जोडून ठेवली. मला बोलावून भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"येतंय बगा. म्हनतंय येत न्हाय, पन येतंय. मला म्हाईत हाय ते."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. दहा वाजले, बारा वाजले. मध्ये मध्ये तो काठीने पेटीवर पाच-सात मोजायचा आणि थांबायचा. नवा मुलगा कंटाळून मोबाईल बघत बसला. तीन वाजता मागून तळहात झटकल्याचा आवाज आला.

"अंते, अण्णा."

भिंतीवर महेशच्या नावापुढे त्याने रेघ ओढली नाही. नवं नाव निराळं, खाली लिहिलं. ‘पस्तीस’ त्यानंतर कधी वाजलं नाही. बँड चालला, बंगळुरू-हैदराबादला जाऊन आला, गिटारवर आणखी तिघं आले. पण सगळे त्या खालच्या नावाला जोडलेले. नव्याने कुणी भिंतीकडे बघून विचारलं, "हा महेश कोण?" तर तो म्हणायचा, "लई भारी हात होता." आणि विषय बदलायचा. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन यायचा आणि जाताना हटकून विचारायचा, "पोरगं बरं हाय न्हवं?"

चौदा दसऱ्यांत मला चौदा वेळा सांगता आलं असतं.

कारखाना बंद झाला. माग वजनावर भंगारात गेले. झिजलेल्या दातांचे ते दोन मात्र त्याने मालकाच्या हातापाया पडून जागेवरच ठेवून घेतले, मागच्या खोलीसकट. गेल्या उन्हाळ्यात, छातीच्या दुखण्याने, तीन दिवसांत तो गेला. मी खांदा दिला.

दोन महिन्यांनी कॉलेजातला एक तरुण माझ्याकडे आला. तो बँडचा इतिहास लिहीत होता, इंटरनेटवर घालायला. त्याने मला वाचून दाखवलं, की संस्थापक हेकट होता, त्याने पहिल्या गिटारवाल्याला काढलं, त्यामुळे बँडचं सर्वांत चांगलं गाणं कायमचं गेलं. "बरोबर आहे ना, आजोबा? तुम्ही तिथेच होता म्हणून विचारतो."

मी म्हणालो, "तसंच काहीतरी."

तो तरुण गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्या माणसाला दुसऱ्यांदा फसवलं, आणि या वेळी त्याला पानं घेऊन माझ्या दारात यायचीही सोय नव्हती. त्याच संध्याकाळी मी महेशला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"आप्पा," तो म्हणाला, "चौदा वर्षं मी त्याला नावं ठेवली." आणि फोन ठेवला.

आठ दिवस त्याचा फोन नव्हता. नवव्या दिवशी तो गिटार घेऊन दारात उभा. घरात आला नाही. "खोलीची किल्ली कुणाकडे आहे?" एवढंच विचारलं.

किल्ली मोहोळच्या एका मुलीकडे होती. इथे इंजिनिअरिंगला आहे. ड्रमवाल्याने आपल्या शेवटच्या वर्षी तिला गिटारवर घेतलं होतं. ती धावत आली. भिंतीवरचं नाव आणि समोरचा माणूस यांच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तुमीच व्हय ते? सर म्हनायचे, लई भारी हात होता."

महेशने तोंड फिरवलं. मग दोन पेट्या समोरासमोर ठेवल्या.

ड्रमवर कोणी नव्हतं. मी उठून खोलीबाहेर त्या दोन मागांकडे गेलो. तेल घातलं, सैल पडलेला पट्टा आवळला, हाताने चाक फिरवून पाहिलं. बटण दाबलं. धूळ उडाली. भिंतीकडचा माग पाचव्या फेरीला ‘खाड’ म्हणाला, दाराकडचा सातव्या.

"दाराकडचा मागं पडतोय, आप्पा," महेश म्हणाला. फोननंतर त्याने मला मारलेली ती पहिली हाक. मी पट्टा आणखी आवळला.

मग मी माझ्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर खडूने लिहिलेलं महेशचं नाव. मागे आधी एक गिटार, ती थांबली की दुसरी अडखळत तेच वाजवी. असं दुपारभर चाललं. मुलगी चुकली की महेश तोच तुकडा पुन्हा घेई, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत नावांच्या रांगेवर आला. हळूहळू अडखळणं कमी झालं.

"आप्पा, आता कोण वाजवतंय?"

मी कान दिला. पाच पुढे गेले, सात मागे राहिले, पुन्हा जवळ आले.

"महेश," मी म्हणालो.

मागे मुलगी हसली. वाजवत तीच होती.

तेवढ्यात पस्तिसावा ठोका आला, दोन्ही मागांचा मिळून एक. आम्ही तिघंही थांबलो. माग चालूच होते. तळहात झटकल्याचा आवाज येईल म्हणून मी बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिलो.