काळी दोनची पट्टी

आमच्याकडं भजनात माणूस पट्टीवरून ओळखतात. पेटीच्या ज्या पट्टीवर तुमचा सा, ती तुमची. माझ्या वडिलांची काळी दोन. तासगावच्या अलीकडच्या आमच्या गावात एवढ्या वर गाणारा दुसरा पुरुष नव्हता.

मी घरातली पहिली पदवीधर, तीही संगीत घेऊन, सांगलीला. मिरवते मी ते. का मिरवू नये? पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट असं लिहितात, हे वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "लय बारीक तुकडं केलं की गं तुमी."

मग त्यांना फुप्फुसाचा आजार निघाला. भजन काही सोडलं नाही. एका गुरुवारी मी मारुतीच्या देवळात ऐकत बसले होते. पेटीवाल्या काकांचं बोट काळी दोनवरच, पण कानाला खटकलं. फोनवरचा ट्यूनर लावून बघितला. सा निघाला काळी एकचा, मधली पांढरी धरून दोनशे सेंट खाली. काकांची पेटी स्केल चेंजरची. तिच्या सगळ्या पट्ट्या एकदम, एकेक घर करत बाजूला सरकतात. बोटं तिथंच राहतात, स्वर उतरतो.

बाहेर आल्यावर काकांना गाठलं. "कधीपासनं चाललंय हे?"

"दिवाळीपास्नं. आदी एक घर, मग दोन. सांगू नगंस त्येला. कळलं तर गाणंच सोडंल."

मी गप्प बसले. सगळं मंडळच गप्प होतं. पखवाजवाला तर घरूनच पखवाजाचा स्वर उतरवून आणायचा.

फसलं ते हातोडीनं. एकदा पखवाजवाल्याला बागेतून यायला उशीर झाला, आणि तो देवळातच पखवाज लावायला बसला. स्वर चढवायचा तर वरून ठोकतात, उतरवायचा तर खालून. वडील त्याच्या हाताकडं बघत होते.

"काळी दोन लावतुयास न्हवं? मग खालनं का ठोकतुयास रं?"

वडील काकांकडं वळले. "किती घरं?"

"दोन."

"गड्या, पत्त्यात तुला कवा फसवाय जमलं न्हाई, आन् हितं बरं जमलं." हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "सरकव माघारी."

काकांनी पट्ट्या सरकवल्या. वडिलांनी अभंग उचलला, आणि वरच्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. त्यांनी टाळ मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "घे खाली."

त्यानंतर दर गुरुवारी बसल्या बसल्या स्वतःच सांगायचे, "आज तीन घरं घे." नंतर चार. सा कुठंही ठेवला तरी सा-पमधलं अंतर तेवढंच राहतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं. दम कुठवर पुरतो, ते त्यात नव्हतं.

ते गेल्यावर दहाव्याला भजन झालं. काकांनी कुणाला न विचारता पट्ट्या मूळ जागी नेल्या. खरी काळी दोन. अभंग वरच्या ओळीपाशी आला आणि एकेक गळा थांबला. मला झेपली असती ती ओळ. मी तोंड उघडलं नाही.

काकांनी ती नुसती पेटीवर वाजवली.