उसाच्या ट्रॉलीमागं आत्याचा आवाज

मी न्हावऱ्याहून निघाले त्या सकाळी दारात जीप एकच होती आणि मला सोडायला निघालेली माणसं मात्र तीन जिपांची. विमान मुंबईहून होतं, तरी कुणी मागं राहायला तयार नव्हतं. शेवटी बॅगा टपावर गेल्या आणि धाकटे चुलते ड्रायव्हरच्या अंगावर रेलून बसले. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मी मधल्या सीटवर दोन काकूंमध्ये अशी अडकले, की पासपोर्ट काढायचा तर आधी दोघींना खाली उतरवावं लागलं असतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एरवी बोलायला फार कंजूष. पण त्या दिवशी येईल त्याला ते माझं शिक्षण समजावून सांगत होते.

"जर्मनीला चाललीय. गाड्या एकमेकींशी बोलत्यात, त्याचा अभ्यास हाय."

"काय बोलत्यात?" शेजारच्यांनी विचारलं.

"मी हितं हाय, तू कुठं हायेस. असं."

"म्हंजी आमची सून फोनवर बोलती तेच की," शेजारी म्हणाले आणि चहाला गेले.

शकूआत्या आप्पांची थोरली बहीण, गावातच दिलेली. तिनं बांधावर उभं राहून हाक मारली की ओढ्यापलीकडची गुरंसुद्धा माना वर करतात. ती जिपेभोवती फिरून चारी टायर लाथेनं तपासत होती. तिच्या मागं तिचे यजमान, बबनमामा, काठी टेकत एकेक टायर पाहून मान डोलवत होते.

त्या काठीमुळंच मी निघाले होते. अर्जात मी विषयाचं कारण मोठमोठ्या शब्दांत लिहिलं होतं. खरं एवढंच, की मी पुण्यात इंजिनीअरिंग करत असताना एका हिवाळ्यात मामांची मोटारसायकल रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, मागं दगडसुद्धा लावलेला नव्हता. मामांच्या पायात डॉक्टरांना सळई घालावी लागली. आत्या दवाखान्यात कुणाशीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं आम्हाला सळईपेक्षा जास्त लागलं.

ज्या जर्मन गावात मी पोचले ते इतकं शांत होतं, की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कसलीतरी सुट्टी असावी. तिथं मी ऐकलेला पहिला हॉर्न माझ्यासाठीच वाजला, कारण मी सायकल उलट्या बाजूनं चालवत होते. न्हावऱ्याच्या चौकात हॉर्न म्हणजे 'राम राम' असतो, 'सरक' असतो, 'बहिणीकडं गेलो होतो, आत्ता आलो' असंही असतं. इथं मात्र तो थेट शिवी होता. फोनवर आई विचारायची, जेवलीस का. आप्पा विचारायचे, थंडी हाय का. एवढं झालं की दोघंही फोन एकमेकांच्या हातात देत राहायचे. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे फोन माहीत आहेत. जे मागं राहिलात, त्यांनी आमच्या "मजेत" या शब्दावर फार विश्वास ठेवू नका.

काम मात्र मला आवडलं. प्रत्येक गाडीत एक डबा. मी इथं आहे, या बाजूला एवढ्या वेगानं चालले आहे, असं तो रेडिओलहरींवरून सतत सांगत राहतो. दुसऱ्या गाडीतला डबा ते ऐकतो आणि टक्कर होणार असं वाटलं तर ड्रायव्हरला आधीच सावध करतो. पुढचं दिसो वा न दिसो. आमच्या चाचणीच्या रस्त्यावर दोन चकचकीत मोटारी रोज एकमेकींशी अत्यंत अदबीनं बोलायच्या. तिसरं कुणी मध्ये येतच नव्हतं. माझ्या प्रोफेसर उलरिके एकदा बैठकीत म्हणाल्या, "आपल्याला खरोखर अवघड रस्ता हवा."

मी फोनवरचा फोटो दाखवला. आमच्या गावातून चौफुल्याकडं जाणारा रस्ता, गळिताचा हंगाम, मागून काढलेली उसाची दुहेरी ट्रॉली. उलरिकेबाईंनी फोटो आडवा केला, उभा केला.

"वाहन कुठं आहे?"

"आत आहे," मी म्हणाले.

परवानग्या आणि पुण्याच्या एका कॉलेजाशी करार यांत वर्ष गेलं. पण पुढच्या हंगामात उलरिकेबाई खरंच आमच्या घरी उतरल्या. दुपारपर्यंत गावानं त्यांची उर्मिलाबाई केली होती. आईनं त्यांच्यासाठी बिनतिखटाचा स्वयंपाक केला आणि तो खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "लई मायाळू बाई हाय गं."

आम्ही ओळखीच्या ट्रॅक्टरांवर डबे बसवले आणि गावातल्या काही मोटारसायकलींवर. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. डबे गप्प. मी दिवसभर आलेखांकडं बघत बसले, तेव्हा कळलं की आमच्या लहरी ऊस खातो. ऊस म्हणजे पाणीच की. ट्रॅक्टरच्या टपावरचा अँटेना जे सांगत होता ते मागच्या दोन ट्रॉल्यांतला ऊस पिऊन टाकत होता, आणि मागून येणाऱ्याला, म्हणजे ज्याला कळायला हवं त्यालाच, काही कळत नव्हतं. चाचणीच्या रस्त्यावर आम्ही सगळ्याचा विचार केला होता, फक्त उसाचा नाही. मग डबा शेवटच्या ट्रॉलीच्या मागं, स्वतःच्या बॅटरीसकट, बांबूला बांधला. कारखान्यावर ट्रॉली खाली करण्याआधी ड्रायव्हरनं तो काढून घ्यायचा, एवढं ठरलं. पहिल्याच फेरीत एक डबा उसाबरोबर कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, गेला. त्याचं पुढं काय झालं, ते उलरिकेबाईंनी अहवालात लिहिलं नाही.

डबे बोलायला लागले, पण जर्मन बोलायला लागले. "आख्टुंग", म्हणजे सावधान, हे ऐकून एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "डबा शिंकतोय." मग मी माझ्या आवाजात मराठी सूचना भरली. "कृपया सावकाश चालवा, पुढे वाहन आहे." ती ऐकून पोरं म्हणाली, बँकेतनं फोन आल्यासारखं वाटतं, आणि डबा बंद करून ठेवू लागली.

"आवाज असा हवा की तो ऐकून माणूस विचार न करता थांबेल," उलरिकेबाई म्हणाल्या.

त्याच वेळी ओढ्याकडून शकूआत्याची हाक आली. ती कुणाच्या तरी म्हशीसाठी होती. तरी अंगणात बसलेले आम्ही सगळे उभे राहिलो. उलरिकेबाईसुद्धा.

आत्याला माइकपुढं बसवलं. मी म्हणाले, समोर ट्रॉली आहे आणि पोरगं जोरात येतंय असं समज. आत्यानं पदर खोचला.

"आरं मुडद्या, म्होरं बघ की. डोळं काय घरी ठिवून आलास? आयबापानं ह्याच्यासाठी गाडी घिवून दिली व्हय?"

उलरिकेबाईंनी अर्थ विचारला. मी म्हणाले, "प्रिय चालक, कृपया पुढं पाहा."

"हे बरंच लांब वाटलं."

"मराठी फार नम्र भाषा आहे."

त्यांना पटलं नाही. त्यांनी पुण्याच्या कॉलेजातल्या माणसाला विचारलं, आणि संध्याकाळी आमची बैठक झाली. सूचना छोटी हवी आणि तिच्यात कुणाचाही अपमान नको, असा विद्यापीठाचा नियमच होता. आत्याचं म्हणणं, अपमान काढला तर मग राहिलं काय. बरीच ओढाताण होऊन मजकूर ठरला: "म्होरं ट्रॉली हाय. थांब." आत्या तो बोलायची, पण थांबायचं काही तिला जमेना. दर वेळी शेवटी "म्हणलं ना" यायचंच. उलरिकेबाईंनी हात टेकले आणि तसंच भरलं. म्होरं ट्रॉली हाय. थांब म्हणलं ना.

त्यानंतर एकानंही डबा बंद केला नाही. आत्याचा आवाज बंद करायची कुणाची छाती होणार? अडचण वेगळीच झाली. बाजाराच्या दिवशी चौकात ट्रॅक्टर लागले की साऱ्या मोटारसायकली एकदम आत्याच्या आवाजात ओरडायच्या. रसवंतीवरचे म्हातारे विचारायचे, "शकूबाई कुणावर एवढ्या खवळल्यात?" आत्याही घाबरली असावी. भाजी घेताना ती कुजबुजल्यासारखं बोलू लागली. मी सगळ्या डब्यांची संवेदनशीलता कमी केली, आणि आता ते वेळेवर बोलतील का, या काळजीनं माझी झोप उडाली. माझी पीएचडी त्या डब्यांवर उभी होती, हे होतंच. पण त्यांतला एक डबा बबनमामांच्या गाडीवरही होता.

पौषातल्या एका सकाळी मामा आणि आत्या चौफुल्याला एका साखरपुड्याला निघाले. धुकं होतं. मामा अपघातानंतर पुन्हा गाडी चालवू लागले होते, पण हळू, आणि मागं बसलेल्या आत्याच्या हुकमाप्रमाणं. ती मुलीकडच्यांनी मागं एकदा नेसवलेल्या साडीबद्दल काहीतरी सांगत होती.

मध्येच आवाज आला, "म्होरं ट्रॉली हाय. थांब म्हणलं ना."

मामांनी ब्रेक लावला. आत्या त्यांच्या पाठीवर आदळली.

"थांबलात कशाला?"

"तूच म्हणलीस की."

"मी साडीचं सांगत हुते. मी कवा म्हणले थांब?"

"मग काय धुकं बोललं?"

दोघं रस्त्याच्या कडेला गाडी लावून व्यवस्थित भांडले. भांडता भांडता धुकं जरा हललं, आणि समोर, बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर, एक ट्रॉली उभी होती. एक्सल तुटलेली, दिवा नाही, मागं दगड नाही. बांबूला आमचा डबा तेवढा लुकलुकत होता. ड्रायव्हर मदत आणायला गेला होता.

साखरपुड्याला ते गेलेच नाहीत. घरी आले तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो. मामांनीच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एक म्होरनं वरडतीय, एक मागनं वरडतीय. मानूस थांबल न्हाई तर काय करंल?"

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. ती मामांच्या पायाशी बसली आणि तिनं सळईच्या जागेवर हात ठेवला. उलरिकेबाईंनी हातातली वही मिटून ठेवली. मला त्या वेळी आलेख उघडून बघायचा होता, पण उठवलंच नाही.

माझी पीएचडी झाली, जर्मनीतच नोकरी लागली. डबे कराराप्रमाणं परत गेले आणि आज गावातल्या एकाही ट्रॅक्टरवर नाहीत. संशोधन असंच असतं, ते येतं, मोजून घेतं आणि निघून जातं. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. आत्यानं मात्र डब्यांची वाट पाहिली नाही. हंगाम सुरू झाला की ती लाल रेडियमच्या पट्ट्या घेऊन चौकात उभी राहते, आणि पट्टी लावून घेतल्याशिवाय ट्रॉली पुढं जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडं जर्मनीला आली. पहिल्याच दिवशी आम्ही झेब्रा क्रॉसिंगपाशी उभ्या राहिलो, आणि समोरची मोटार थांबली. आत्यानं ड्रायव्हरला हातानं खूण केली, जा तू. त्यानं खूण केली, तुम्ही जा. आत्या म्हणाली, "न्हाई बाबा, तू जा, तुला कामावर जायचं आसंल." त्यानं इंजिनच बंद केलं. मी तिला दंडाला धरून पलीकडं नेलं, तरी ती त्याला वळून वळून विचारत होती, "घरी समदं बरं हाय ना?"

संध्याकाळी ती बाल्कनीत बसून म्हणाली, "समदं चांगलं हाय गं मने. पर हितं कोन कुनाला वरडतच न्हाई. मानूस घरात हाय का न्हाई, कळायचं कसं?"

दुसऱ्या सकाळी मी सायकल काढली, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि वरून हाक आली, "मने, जपून जा गं." सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी केहर दारात आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी सुप्रभातपलीकडं एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी घाबरून विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, मी कामावर चालले आहे, एवढंच. आत्या होती तोवर हे रोज झालं, आणि लोकांनी खिडक्या उघडणं हळूहळू बंद केलं.

ती गावी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली तेव्हा गल्ली पुन्हा पहिल्यासारखी होती. मी कोपऱ्यापर्यंत पोचले. मागून, जरा चाचरत, घसा खाकरून, कुणीतरी ओरडलं, "माने, जापुन जा गा."

केहर खिडकीत उभे होते. कान लाल झाले होते.

"येते," मी मराठीतच म्हणाले, आणि कामावर गेले.