सुमतीआत्याचा सयामी मासा

सुमतीआत्या नवव्या वर्षी सासरी गेली आणि अकराव्या वर्षी विधवा होऊन कल्याणला आमच्याच घरी परत आली. केस काढले, लाल आलवण नेसवलं, माजघराचा एक कोपरा दिला. एवढं केलं की माणसं सुटली. त्यांच्या बापाचं काय जात होतं!

अठराशे पंच्याऐंशी साली माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या भावानं, मुंबई बंदरातल्या एका खलाशाकडून सयामचा झुंजार मासा आणला. बोटाएवढा, निळाशार, काचेच्या बरणीत. आत्या जवळ गेली की तो कल्ले फुगवून काचेवर धावून यायचा. तिच्यावर डोळे वटारणारे घरात पुष्कळ होते. तिला बघून धावत येणारा हा एकटाच. "सोवळ्या बाईला मासा कसला?" तिची आई, म्हणजे माझी आजी, कुरकुरली. वडिलांनी कानाडोळा केला.

श्रावणात माशाचे डोळे पांढुरके झाले. समोर टाकलेली डासाची अळी त्याला दिसेना. आत्याचं जेवण सुटलं. शेवटी माझ्या आईनं खाडीवरच्या गुणाजी कोळ्याला मागच्या दारी बोलावलं.

त्यानं बरणी उजेडात धरली. "एकच डोला सुजून भायेर आला असता, तं म्हनलो असतो कुठं आपटला. ह्याचे दोनी डोले पांढरे. पानी खराब झालंय, बाय. रोज थोरं थोरं बदला, चिमूटभर मीठ घाला. दुसरं काय बी घालू नका."

चार दिवसांत डोळे निवळू लागले. पाचव्या दिवशी माशानं अळी नेमकी टिपली. आत्या तेव्हा हसली, असं आई सांगते.

आणि आईनंच घात केला. मी तीन महिन्यांचा होतो. डोळे आले की बाळंतिणीच्या दुधाचे थेंब घालायचे, हा आमच्याकडचा रामबाण उपाय. आत्या आंघोळीला गेलेली पाहून आईनं माझ्या वाटचं दूध बरणीत पिळलं, चांगलं अर्धी वाटी. नणंदेचा मासा लवकर बरा व्हावा, एवढंच तिच्या मनात होतं. भोळेपणालाही काही सीमा असावी!

पाणी नासलं. संध्याकाळी मासा उलटा तरंगत होता.

आत्यानं हंबरडा फोडला. आईनं तिचे पाय धरले. "वन्सं, मीच हो मारला त्याला!"

आजी दारातून म्हणाली, "अगं, नवऱ्यामागे एवढी रडली नव्हतीस."

आत्यानं मान वर केली. "त्यांचं तोंड मी कधी धड पाहिलं होतं, आई? याला रोज बघत होते."