लाल म्हणजे चालू

धाकट्या बहिणीने गुडघा बदलून घेतला आणि सहा महिन्यांत तिला डीजेचं मशीन हवं झालं. या दोन गोष्टींचा संबंध तिने मला फोनवर समजावला तेव्हा मी ड्यूटीवरून नुकतीच घरी आले होते आणि पायातले सेफ्टी बूट काढत होते.

ती सेक्टर 10 मधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बायकांचा व्यायामवर्ग घेते. वीस-बावीस बायका, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, संध्याकाळी पाच ते सहा. गाणी तिच्या फोनवरून ब्लूटूथने वाजायची. गाणं बदलायला प्रत्येक वेळी टेबलापर्यंत पळावं लागायचं, आणि नवीन गुडघा पळायला तयार नव्हता. शिवाय एकदा भर वर्गात फोन आला आणि तिच्या जावेने सासूबद्दल काढलेले उद्गार सगळ्यांनी स्पीकरवर ऐकले. त्यातल्या दोघी सासूच्या मैत्रिणी होत्या.

"मले मोठे मोठे बटन पायजेत," ती म्हणाली. "चष्म्याशिवाय दिसले पायजेत. अन् बायकांना दम लागला का गाणं तिथल्या तिथं हळू करता आलं पायजे. तू करून दे ना वं ताई, तुले येते."

मला काय येतं? मी इथल्या स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. तापमान, दाब, व्हॉल्व्ह, त्यांच्या वायरी. डीजेशी माझा संबंध वरातीमागे अडकलेल्या बसमध्ये बसण्यापुरता. पण विषय गंभीर होता. एका कराटे सरांनी तीच पाच ते सहाची वेळ मागितली होती आणि कमिटीने ठरवलं होतं की दोघांनी रविवारी सकाळी आपापला वर्ग करून दाखवावा, मग बघू. हॉल गेला तर वर्ग संपला. रुआबांध्यातल्या तिच्या क्वार्टरच्या बैठकीत सोफा बाहेर काढला तरी चारच बायका मावतात, आणि त्याही एकमेकींना न मारता नाही.

मशीन जवळच्या कुम्हारी गावात मिळालं. लग्नांचा एक साउंडवाला मोठं घेत होता, जुनं काढत होता. दोन चकत्या, आठ चौकोनी बटणं, बरीचशी गोल बटणं, आणि वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. पट्ट्यांच्या खाचांत कित्येक लग्नांचा गुलाल भरला होता. मी दोन संध्याकाळी ब्रश घेऊन तो काढला. जुन्या मशीनची साफसफाई आधी, बाकी सगळं नंतर, ही माझी सवय.

मग ते लॅपटॉपला जोडलं. दिवे लागले-विझले, लागले-विझले. मधे लावलेल्या स्वस्त यूएसबी हबमधून त्याला पुरेशी वीज मिळत नव्हती. हब काढून केबल थेट लावली तेव्हा स्थिर झालं. पण लॅपटॉपमधल्या, गाणी जुळवून वाजवायच्या सॉफ्टवेअरला या मशीनशी काही देणंघेणं नव्हतं. मी बटण दाबत होते, पडद्यावर काहीही हलत नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन, हे मशीन आपलंच आहे, याचं ऐक, अशी खूण केली. तरी ऐकलं म्हणजे समजलं असं नाही. कोणत्या बटणाने काय करायचं ते एकेक करून शिकवावं लागतं. पडद्यावर एक गोष्ट निवडायची, मशीनवरचं एक बटण हलवायचं, झाली जोडी. मग पुढची.

आठ बटणांना आठ गोष्टी दिल्या. ढोलकीचा ठेका, तिच्याच आवाजात मोजणी, वॉर्मअपचं गाणं, आणि असंच. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कोणतीही गोष्ट पुढच्या समेवरच सुरू होईल अशी सोय केली, म्हणजे तिने उशिरा दाबलं तरी ठेका चुकणार नाही. वेग आधी चकतीला दिला होता. पण चकती फक्त किती फिरली तेवढंच सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. बहिणीने कौतुकाने ती गरकन फिरवली आणि ढोलकी शिवणयंत्रासारखी वाजायला लागली. मग वेग लांब पट्टीला दिला आणि त्याला वरची-खालची मर्यादा घातली, नाहीतर एखादी काकू जमिनीवर आली असती. चकत्या शोभेला ठेवल्या.

सगळं झाल्यावर प्लांटमध्ये करतो तशी तपासणी. तिथे एक जण मशीनजवळ, दुसरा कंट्रोल रूममध्ये, आणि वॉकीटॉकीवर टक्क्यांचे आकडे. शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर, आणि मग उतरताना तसंच.

"पंचवीस!" मी पडद्याकडे बघत ओरडले.

"अव, मी तुह्या बाजूलेच बसून आहे ना वं! कावून बोंबलून राहिली?"

"पंचवीसवर आणलं का?"

"आणलं. आता चहा आणू का पन्नासवर?"

तरी तिने सगळी बटणं माझ्यासमोर तपासली. त्या शुक्रवारीच मी काम थांबवायला हवं होतं. तपासून झालेल्या गोष्टीला हात लावायचा नाही आणि लावला तर ती वापरणाऱ्याला समोर उभं करून सांगायचं, हे मी वर्षानुवर्षं नव्या पोरांना खडसावून शिकवलं आहे.

शनिवारी मला सुटी होती. प्रत्येक चौकोनी बटणाच्या वर एक बारीक दिवा होता आणि तो मेला होता. कारण सरळ होतं. मशीनकडून सॉफ्टवेअरकडे निरोप जात होता, उलट काही येत नव्हतं. कोणी मागितलं नव्हतं, पण मला ते आठ विझलेले दिवे बघवेनात. दुपारभर खटपट करून उलटा निरोप चालू केला. चालू असेल ते लाल, बंद असेल ते हिरवं. आमच्याकडे तसंच असतं. लाल दिवा म्हणजे मोटर चालू आहे, हात घालू नका. हिरवा म्हणजे बंद, खुशाल जवळ जा. इतक्या वर्षांनी त्याचा वेगळा विचारही डोक्यात येत नाही.

बहिणीला फोन केला. "दिवे पण लावले. बघून कळेल."

"हाव हाव," म्हणून तिने ठेवला. कढईत काहीतरी होतं.

रविवारी कराटे सरांचा वर्ग आधी झाला. चोख. मग आमचा. बावीस बायका, कमिटीचे तिघे खुर्च्यांवर, कराटे सर दाराशी हात बांधून, मी मागच्या भिंतीला टेकून. बहिणीने ठेका सुरू केला, मोजणी सुरू केली, गाणं सुरू केलं, टेबलाकडे न बघता. झकास चाललं होतं. तीन-चार मिनिटांनी तिने खाली पाहिलं. हॉलमध्ये आवाज इतका घुमत होता की कोणता भाग वाजतोय आणि कोणता नाही ते वेगळं ऐकू येणं कठीण. तिला तीन लाल दिवे दिसले.

तिने तिन्ही बटणं शांतपणे दाबली. ठेका गेला. मोजणी गेली. गाणं गेलं. आठच्या आठ दिवे हिरवे झाले, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. हॉलमध्ये फक्त पंखे वाजत होते.

मी पाय उचलायच्या आत ती भानावर आली. "थांबू नका वं! एक, दोन, तीन, चार!" ती स्वतः ओरडायला लागली आणि टाळ्या वाजवायला लागली. बायका नाचत राहिल्या. तिने पुन्हा ठेक्याचं बटण दाबलं. ढोलकी बरोबर उमटली, दिवा लाल झाला, आणि तिचा हात घाबरून परत त्याच बटणाकडे निघाला.

"हात लावू नको!" मी मागून ओरडले. "लाल म्हणजे चालू!"

"लाल म्हणजे चालू? कोणत्या गावात?"

"मैडम, लाल मतलब बंद," दारातून कराटे सर म्हणाले. "सिग्नल पे क्या देखते हो?"

यावर कमिटीचे सचिव खुर्चीवरून उठले. आयुष्य सबस्टेशनमध्ये काढून निवृत्त झालेला माणूस. तोवर ते पेंगत होते असा माझा समज होता. "सर, लाल मतलब चालू. सबस्टेशन में उलटा समझ के हाथ डालोगे, तो शाम को घर में हार वाला फोटो लगेगा."

"अरे, पर ये सबस्टेशन थोड़ी है!"

"बिजली तो वही है ना!"

पुढच्या रांगेतली एक काकू हात वर धरून तशीच उभी होती. "लाल का हिरवं ते मंग पाहा वं बापा! मी हात खाली करू का नको, ते सांगा!"

"खाली!" बहीण म्हणाली, आणि वर्ग पुढे गेला. तिने दिव्यांकडे पुन्हा पाहिलं नाही. उरलेली सगळी बटणं अंदाजाने दाबली आणि एकही चुकलं नाही.

कमिटीने बाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं घेतली. सचिव परत आले आणि म्हणाले, "म्युझिक ट्रिप झालं तरी प्रॉडक्शन थांबलं नाही. पाच ते सहा तुम्हाला. सर, तुम्हाला सहा ते सात." मग माझ्याकडे बोट करून, "दिव्यांचे रंग बदलायचे नाहीत. बरोबर आहेत ते."

घरी जाताना बहीण स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, मशीन मांडीवर. रुआबांध्याच्या वळणावर तिने मशीन सावरलं. मग म्हणाली, "ताई, माझा वर्ग गेला असता आज."

"दिवे लावले ते सांगितलं होतं तुला."

"रंग नाही सांगितला."

प्लांटमध्ये दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला लेखी खुलासा मागितला असता. मी म्हटलं, चूक माझी, आजच उलटे करून देते रंग, सचिवांना कोण सांगायला जातंय.

"राहू दे," ती म्हणाली. "तू हात नको लावू आता."

सोमवारी ड्यूटी संपल्यावर मी हॉलवर गेले. वर्ग चालू होता. टेबलावर मशीन, आणि आठही दिव्यांवर तिने आठ मोठ्या मरून रंगाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. खाली दिवे लागत-विझत असणार, पण सचिवांचं लाल आणि सरांचं लाल, काहीच दिसत नव्हतं.

"मग चालू काय आहे ते कसं कळतं तुला?" मी विचारलं.

"कान आहेत ना वं मले," ती म्हणाली, आणि वेगाची पट्टी खाली ओढली, कारण दुसऱ्या रांगेत कोणालातरी दम लागला होता.