काचेच्या आत मी, बाहेर बालाजी

“थांब, थांब. वढू नको म्हणून राहिलो, बैला, थांब.”

लान्स नाईक बालाजी एवढा बोंबलत होता हे मला नंतर कळलं. मी व्हॅनच्या आत, तो बाहेर, मधी काच. वारा असा की शेजारी तोफ उडाली असती तरी वाटलं असतं, कुणीतरी पापड मोडला. मला त्याचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. मग त्यानं काचेवर दोनदा हात मारला आणि मी दोरी ओढायचं थांबलो.

फौजेबाहेरच्या माणसांना हे समजावून सांगायला पाहिजे. जुन्या गाडीची पुढची काच चिकटवत नाहीत, ती रबरात बसते. काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी फिरवायची आणि दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची. बाहेरचा काच दाबतो, आतला दोरी ओढत जातो, तसा रबराचा ओठ पत्र्यावर पलटतो. एकदा हात मारला की ओढ, दोनदा मारला की थांब. हे दोघांचं काम.

आता मी औशात असतो. लातूर-नांदेडकडे कुणी जुनी व्हॅन चहा-नाश्त्याची गाडी करायला काढली की मला बोलावणं येतं. गॅरेजवाले म्हणतात, मामा, जोडीला माणूस देतो. मी नको म्हणतो. बाहेरून दाबतो, आत शिरतो, वीतभर दोरी ओढतो, परत बाहेर येतो. एका काचेपायी माझी औसा ते लातूर पायपीट होते. दाबून झालं की काचेवर एकदा हात मारतो. आत कुणी नसतं.

तर आमची पोस्ट. लडाखात होती, एवढंच सांगतो. उंची अशी की घारी खाली बघायच्या आणि चक्कर येऊन आमच्या तंबूवर बसायच्या. मी नाईक, वर्कशॉप डिटॅचमेंटला, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. बालाजी नायगावचा. सकाळी हजेरीची फॉलइन, मग गोठलेली इंजिनं चालू करणं, मग चहा, मग नांदेडची माणसं चांगली की लातूरची यावर भांडण. सुभेदार साहेबांनी एक कंडम व्हॅन आमच्या गळ्यात घातली होती. तिची गरम अ‍ॅम्ब्युलन्स करायची. आम्ही आतून प्लायवूड मारलं, भिंतीत जुन्या रजया भरल्या, स्ट्रेचरला पट्ट्या बसवल्या. इंजिन गाऊ लागलं. फक्त पुढची काच नव्हती. ती खालून येता येता कुठल्या तरी डेपोत मुक्कामाला राहिली होती.

त्यातच एका शिपायाच्या फुप्फुसात पाणी झालं. उंचीचा आजार. त्याला खाली नेलं तरच वाचणार होता. मोठी अ‍ॅम्ब्युलन्स खाली अ‍ॅक्सल मोडून पडलेली. वायरलेसवर उत्तर आलं, “हेलिकॉप्टर नहीं. मौसम खराब. सडक से भेजो. ओव्हर.”

सुभेदार साहेब म्हणाले, “व्हॅन जाएगी. शीशा लगाओ.”

“साब, जो शीशा है वो बडे ट्रक का है.”

“तो काटो.”

पोस्टवर पडलेल्या मोडक्या ट्रकची ती एकच काच शाबूत होती. दुसरी नव्हती. ही काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पडदा. दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर कटर चालवायचा, तडा द्यायचा, मग रेषेवर स्पिरिट ओतून पेटवायचं म्हणजे पडदा मऊ होतो आणि ब्लेड फिरवता येतं. पण बर्फासारख्या काचेला एकदम जाळ दाखवला तर ती भलतीकडेच तडकते. म्हणून आम्ही ती ब्लँकेटात गुंडाळून तंबूतल्या शेगडीजवळ, बुखारीजवळ, दोघांच्या मांड्यांवर घेऊन बसलो.

बालाजीनं तिला थोपटलं. “झोपलं बघ. मायवर गेलंय.”

“तुझ्यावर न्हाई गेलं ते बरं झालं.”

काच कापली. सरळ. बाहेर आणून लावायला घेतली तर रबराला लावायचं साबणाचं पाणी बादलीत दगड झालेलं. बालाजीची खोबरेल तेलाची बाटली तर त्याहून दगड. लंगरमधून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, मोहरीचं तेल आणलं. तेलानं रबर सडतं, पण रबराचं म्हातारपण बघायला तेव्हा वेळ कुणाला.

वरच्या कोपऱ्यात रबर दुमडलं तेव्हाची ती बोंबाबोंब. अजून ओढलं असतं तर काच गेली असती. बालाजीनं चमच्याच्या दांड्यानं ओठ सोडवला. एकदा हात मारला. मी ओढली. बसली.

बसली, पण वाऱ्यानं तो कोपरा आत फुगत होता. पोस्टवर फट बुजवायला सीलंट नव्हतं. कुणीतरी आत बसून खांद्यानं तो दाबून धरायला पाहिजे होता. पेशंटबरोबर डॉक्टर जाणार होता, त्याच्या मागून मी चढायला निघालो.

“तू कुठं? आधीच रणगाडा. डॉक्टर कुठं बसंल?” असं म्हणून बालाजी चढला. त्याच्या अंगावर मांस नव्हतंच. गाडी हलली तेव्हा त्यानं आतून एकदा हात मारला.

संध्याकाळच्या आत खबर आली, “पेशंट पहुँच गया. ओव्हर.”

व्हॅन हॉस्पिटलनं ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी बालाजी रेशनच्या ट्रकमधून वर यायला निघाला. एका वळणावर डोंगर खाली आला. “एक गाडी. दो जवान. ओव्हर.” इथं मला काही वाढवून सांगता येत नाही.

त्याला घेऊन मी नायगावला गेलो. सगळं आटोपल्यावर निघायच्या आधी त्याच्या वडिलांजवळ बसलो. त्यांना बापू म्हणायचो. घारींचं सांगितलं, मांडीवरच्या काचेचं सांगितलं.

“हसला का त्यो?” बापूंनी विचारलं.

“लई हसला.”

मग मीच म्हणालो, “ते व्हॅनमधलं पोरगं वाचलं, बापू. सुट्टी मिळाली की आधी तुमच्या पाया पडायला येतो म्हणतंय.”

बापूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, परत टाकला.

“आधी सोताच्या मायबापाकडं जाय म्हणाव त्याला.”