परमुलखातला पोळा

लेकीकडं स्वित्झर्लंडला आले आहे. काल इथला सण होता. फुलांनी सजवलेल्या गायी घंटा वाजवत डोंगरावरून गावात उतरल्या. मी पर्यटकांच्या गर्दीत उभी होते, आणि मला फर्दापूरचा आमचा एक पोळा आठवला.

नामांतराच्या आंदोलनामुळं तेव्हा औरंगाबादचा रस्ता बंद होता. अजिंठा बघायला आलेली एक गोरी बाई आमच्याच गावात अडकली होती. भाऊ शहरात कंपनीत लागलेला, म्हणून पोळा झाला की बैलजोडी विकायचं ठरलं होतं. माझे वडील, अण्णा, बैलांच्या शिंगांना वार्निस लावत होते. ती बाई जवळ आली, बैलाच्या कपाळावर हात ठेवून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि रडायलाच लागली.

पोरं फिदीफिदी हसली. आई डाफरली, "हासू नका रे. तिच्या बी दावणीचं कुणी गेलं असंल."

अण्णांनी कासरा बाईच्या हातात दिला, आणि मग तेही रडले.

काल मीही एका गायीच्या कपाळावर हात ठेवला. तिचा म्हातारा मालक माझ्याकडं बघत राहिला.

"आमची बी जोडी व्हती हो, दादा," मी म्हणाले. मराठीतच.

म्हाताऱ्यानं मान डोलावली.