रिकामा पाळणा

आमच्या शहरातल्या संग्रहालयात देशातल्या प्रत्येक प्रांताला एकेक दालन दिलं आहे. मराठी दालनात एक जुना लाकडी पाळणा टांगलाय आणि मोटार लावून तो सतत हलता ठेवलाय. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू!

शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाई मात्र कळवळल्या. "अहो, रिकामा पाळणा हलवू नये! बाळाला बाधतं ते." कुठल्या बाळाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पहारेकरी बिहारचा. तो त्यांना हटकणार असं मला वाटलं, पण त्याने वाकून बटण बंद केलं. "हमारे यहाँ भी खाली नहीं झुलाते, अम्मा."

बाईंनी पिशवीतला पंचा काढून त्याचं गुबगुबीत गाठोडं केलं आणि पहारेकऱ्याच्या हातात दिलं.

देश म्हणजे काय, ते त्या इमारतीच्या दारात मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी ते कधीच पुरतं वाचलेलं नाही. त्या दिवशी मी फक्त पहारेकऱ्याचा हात पाहिला. गाठोडं पाळण्यात ठेवताना, बाळाची मान सांभाळावी तसा, त्याने खाली तळहात धरला होता.